शिवणीतली माया

नऊवारी लुगडे महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु त्यातील 'वार' म्हणजे नेमके किती, हे नव्या पिढीला आता सांगावे लागते. एक वार म्हणजे तीन फूट, अर्थात ३६ इंच. १९५६ च्या वजने-मापे कायद्याने देशात दशमान पद्धतीचा पाया घातला आणि कापडपेठेतील वाराच्या गजाची जागा हळूहळू मीटरच्या पट्टीने घेतली. वार लुगड्याच्या नावापुरता उरला. अमेरिकेत मात्र तो आजही नांदतो आहे. तेथे कापड वारावर विकले जाते आणि तेथील सर्वांत लोकप्रिय खेळाचे मैदानही वारांनीच मोजले जाते. ते मैदानच कापडावर उतरवण्याची एक घरगुती हौस त्या देशात रुजली आहे. तिच्यात सुईदोऱ्यापेक्षा हिशेबाचे काम मोठे असल्याने व्यापारी घरांना ती विशेष जवळची वाटावी.

तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. नावात फुटबॉल असला तरी त्याचा चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतांशी हातात घेऊनच धावावयाचे असते. दोन गोलरेषांमधील अंतर १०० वार. त्यांच्या पलीकडे दोन्ही टोकांना दहा-दहा वारांचा एकेक पट्टा, ज्याला एंड झोन म्हणतात. अशी मैदानाची एकूण लांबी १२० वार भरते. चेंडू बाळगणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० वार पुढे सरकावे लागते. त्यामुळे या खेळाचा सारा जमाखर्च वारांतच चालतो. व्यावसायिक संघांचा अंतिम सामना 'सुपर बोल' या नावाने ओळखला जातो. पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. हल्ली तो फेब्रुवारीतील एका रविवारी होतो. त्या दिवशी घरोघरी आप्तमित्र जमतात, टेबलावर खाद्यपदार्थांच्या बशा मांडल्या जातात आणि हौशी घरांत त्या बशांखाली, टेबलाच्या मधोमध, एक लांबट शिवलेली पट्टी अंथरलेली असते. हाच टेबल रनर. वरच्या बाजूस तुकडे जोडून सिद्ध केलेले कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारे धावदोऱ्याचे टाके, अशी त्याची रचना असते. आपल्या गोधडीचाच तो धाकटा भाऊ होय.

कागदावरचे मैदान

कापड मापाने कापण्याच्या क्रियेला मराठीत 'बेतणे' असे म्हणतात. बेत म्हणजे योजना. कात्री कापडाला लागण्यापूर्वी डोक्यात आणि कागदावर जे काम व्हावयास हवे, ते सारे या एका शब्दात आले आहे. शिवण उसवून पुन्हा घालता येते; बेतण्यातील चूक मात्र दुरुस्त होत नाही.

समजा, रनर ६० इंच लांब व १४ इंच रुंद करावयाचा आहे. १२० वारांचे मैदान ६० इंचांत बसवायचे, म्हणजे मैदानातील दोन वारांसाठी कापडाचा एक इंच. रुंदी मात्र त्या प्रमाणात ठेवता येत नाही. मैदान १६० फूट रुंद असते. ते प्रमाण पाळले तर पट्टी जवळजवळ २७ इंच रुंद होईल आणि बशा ठेवूनही टेबल झाकून टाकील. म्हणून लांबीचे प्रमाण पाळावे आणि रुंदी टेबलाप्रमाणे घ्यावी, हे शहाणपणाचे.

आता तुकडे मोजू. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत दहा-दहा वारांचे १० हिरवे पट्टे होतात. हिरव्याच्या दोन छटा आलटून पालटून घेतल्या तर गवत कापल्यासारखा भास होतो. पट्ट्यांच्या सीमेवर पांढऱ्या रेषा येतात. मधल्या ९ आणि दोन गोलरेषा मिळून त्या ११ होतात. दोन्ही टोकांना संघाच्या रंगाचे २ एंड झोन. प्रत्येक हिरवा पट्टा तयार झाल्यावर ४.५ इंच दिसावा, रेषा अर्धा इंच आणि एंड झोन ४.७५ इंच. बेरीज करून पाहावी: हिरवे ४५, रेषा ५.५, एंड झोन ९.५, एकूण बरोबर ६० इंच. मैदान कागदावर बसले.

न दिसणारे ११ इंच

नवशिका येथेच फसतो. दिसावयाचे माप आणि कापावयाचे माप ही दोन वेगळी आहेत. दोन तुकडे जोडताना प्रत्येकाच्या कडेचा काही भाग शिवणीच्या आत जातो. अमेरिकेत या प्रकारच्या कामात तो भाग पाव इंच ठेवण्याचा सर्वमान्य रिवाज आहे. आपल्याकडील शिंपी या राखीव भागाला 'माया' म्हणतात. वाढत्या मुलाच्या सदऱ्यात माया ठेवा, असे पूर्वीची आई शिंप्याला आवर्जून बजावत असे.

प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच माया द्यावयाची, म्हणजे प्रत्येक मापात अर्धा इंच मिळवावयाचा. त्यामुळे हिरवे पट्टे ५ इंच, पांढऱ्या रेषा १ इंच आणि एंड झोन ५.२५ इंच कापावे लागतात. प्रत्येकाची लांबी १४.५ इंच. या कापलेल्या मापांची बेरीज केली तर हिरवे ५०, पांढरे ११ आणि एंड झोन १०.५, असे ७१.५ इंच होतात. तुकडे २३ आहेत, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या शिवणी २२. प्रत्येक शिवण अर्धा इंच गिळते. २२ शिवणी ११ इंच गिळतात. ७१.५ मधून ११ वजा केले की ६०.५ इंच उरतात, आणि कडेच्या गोटात दोन्ही टोकांचा पाव-पाव इंच गेला की ६० इंच हाती येतात. ताळेबंद जुळला.

हे ११ इंच म्हणजे कापलेल्या लांबीच्या शेकडा १५ हून अधिक होतात. ते कोणाला दिसत नाहीत. परंतु ते नसतील तर रनरच उभा राहणार नाही. मालाच्या किमतीत हमाली, आडत आणि वाहतूक न धरता भाव सांगणारा दुकानदार आणि माया न धरता कापड कापणारा कारागीर, या दोघांची गत एकच होते.

उभा धागा, आडवा धागा

कापताना कापडाची दिशा पाहावी लागते. विणलेल्या कापडात काठाला समांतर जाणारा उभा धागा, म्हणजे ताणा, सर्वांत कमी ताणला जातो. आडवा धागा, म्हणजे बाणा, थोडा अधिक. आणि तिरके ओढले तर कापड सर्वाधिक लांबते. म्हणून तुकड्याची लांब कड शक्यतो उभ्या धाग्यावर असावी. तशी असेल तर शिवण लाटांसारखी वरखाली होत नाही.

या कामाचे सुती कापड तेथे साधारण ४२ ते ४४ इंच पन्ह्याचे मिळते. एका छटेचे ५ पट्टे हवे आहेत, प्रत्येक ५ इंच रुंद व १४.५ इंच लांब. ते दोन प्रकारे काढता येतात. पन्ह्यातून ५ इंचांच्या आडव्या पट्ट्या काढल्या तर ४२ इंचांत १४.५ चे दोनच तुकडे बसतात. तिसऱ्याला दीड इंच कमी पडतो. पाच तुकड्यांसाठी तीन पट्ट्या, म्हणजे १५ इंच कापड लागते. उलट, १४.५ इंचांची एकच रुंद पट्टी काढून तिचे उभे ५-५ इंचांचे तुकडे केले तर पाचही तुकडे २५ इंचांत निघतात.

खर्च जवळजवळ सारखाच झाला. एका पद्धतीत १५ इंच कापड लागले, तर दुसरीत १४.५. परंतु शिल्लक पाहा. पहिल्या पद्धतीत ५ इंच रुंदीचे तीन सुटे तुकडे उरतात. दुसरीत १७ इंच बाय १४.५ इंच असा एकसंध तुकडा हाती राहतो आणि शिवाय सर्व पट्ट्यांची लांब कड उभ्या धाग्यावर येते. किती उरले याइतकेच कोणत्या रूपात उरले, यालाही महत्त्व आहे. तीन ठिकाणी विखुरलेली उधारी आणि गल्ल्यातील रोख यांत जो फरक असतो, तोच येथे दिसतो.

अस्तराचेही तसेच आहे. ते चारही बाजूंनी सुमारे दोन इंच मोठे, म्हणजे १८ इंच बाय ६४ इंच घ्यावे लागते. सलग लांबीतून काढले तर जवळजवळ दोन वार कापड घ्यावे लागेल आणि अर्ध्याहून अधिक पन्हा बाजूस पडेल. तेच पन्ह्यातून १८-१८ इंचांच्या दोन पट्ट्या काढून जोडल्या तर ३६ इंचांत, म्हणजे बरोबर एका वारात काम होते. एक शिवण वाढते आणि एक वार वाचतो.

छापील कापड घेताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. चेंडू, शिरस्त्राण किंवा अक्षरे एकाच दिशेने छापलेली असतील, ज्याला आपल्या पेठेत वन-वे छपाई म्हणतात, तर टेबलाच्या एका बाजूस बसलेल्यांना ती उलटी दिसतात. रनर दोन्ही बाजूंनी पाहिला जातो, हे बेततानाच ध्यानात घ्यावे. संघाची अधिकृत बोधचिन्हे असलेल्या कापडाच्या काठावर बहुधा 'केवळ घरगुती वापरासाठी' अशा आशयाची सूचनाही छापलेली असते. कापड विकत घेतले म्हणून चिन्हाचा व्यापारी हक्क मिळत नाही. म्हणून विक्रीसाठी शिवणाऱ्यांनी चिन्ह टाळून केवळ रंगांवर काम भागवावे, हे उत्तम.

हत्यार बदलले

पूर्वी हे काम पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कात्री यांवर चाले. पुठ्ठ्याची कड वारंवार घासून झिजे आणि पहिल्या व शेवटच्या तुकड्यात फरक पडे. १९७९ साली जपानमधील ओल्फा या कंपनीने गोल फिरत्या पात्याचे कापण्याचे हत्यार बाजारात आणले आणि चित्र पालटले. पिझ्झा कापण्याच्या चाकासारखे ते दिसते. पण पाते वस्तऱ्याइतके धारदार असते. खाली विशिष्ट रबरी चटई, वर इंचांच्या रेषा आखलेली पारदर्शक जाड पट्टी, आणि पट्टीच्या कडेने हे चाक फिरवावयाचे. कापडाचे अनेक पदर एका दमात, न आखता, सरळ रेषेत कापले जातात. या एका साधनाने अमेरिकेतील गोधडीकामाचा वेग कितीतरी वाढला. चाक नेहमी अंगापासून दूर ढकलावे आणि प्रत्येक कापानंतर पाते आत घेऊन बंद करावे, हे दोन नियम मात्र कधीही मोडू नयेत.

आपल्याकडील कापड दुकानदार कडेला कात्रीने लहानशी चीर देऊन कापड टर्रकन फाडतो. ती पद्धत अडाणी नव्हे. फाडलेले कापड नेमके एका धाग्यावर जाते. कात्री चुकेल, धागा चुकत नाही. अमेरिकेतील जाणत्या कारागीरही धाग्याची सरळ दिशा शोधण्यासाठी आरंभी कापड फाडून पाहतात. फाडलेली कड मात्र ताणली जाते आणि तिची दशी निघतात. पाव इंच मायेच्या कामाला ती चालत नाही. म्हणून फाडून दिशा ठरवावी, इस्त्री करावी आणि मग चाकाने कड सरळ कापून घ्यावी.

कापड आधी धुवावे की नाही, यावर तेथे मतभेद आहेत. हिशेब मात्र स्पष्ट आहे. सुती कापड शेकडा ३ आकसले तर ६० इंचांमागे १.८ इंच जातात. रनरवर चटणी-सरबत सांडणार आणि तो धुतला जाणारच. तेव्हा एक कापड आकसणारे आणि शेजारचे न आकसणारे असेल तर संपूर्ण पट्टी सुरकुतते. धुवावयाचे तर सर्वच कापडे आधी धुऊन, इस्त्री करून मग मापाला घ्यावीत.

अर्ध्या सुताची चूक

सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला एक सूत म्हणतात. अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, डोळ्याला क्वचितच दिसतो. प्रत्येक शिवण घालताना माया पाव इंचाऐवजी अर्ध्या सुताने अधिक गेली असे धरू. दोन्ही तुकड्यांचे मिळून प्रत्येक शिवणीत एक सूत गेले. शिवणी २२, एकूण २२ सूत, म्हणजे पावणेतीन इंच. साठ इंचांचा रनर सव्वासत्तावन्न इंचांवर आला. पांढऱ्या रेषेची दशा त्याहून वाईट होते. अर्ध्या इंचाच्या रेषेला दोन शिवणी असतात. तिचे एक सूत गेले म्हणजे चौथा हिस्साच गेला.

एक मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते आणि सुधारली जाते. लहान चूक पुन्हा पुन्हा, त्याच दिशेने होत राहिली की शेवटी मोठी तूट देते, आणि ती कोठे झाली हे सांगता येत नाही. म्हणून कारागीर आधी एक चाचणी घेतात. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडतात. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली तर माप ठीक. कमी दिसली तर शिवण एखादा धागा बाहेर सरकवतात. कापतानाचा दुसरा नियम असा की, प्रत्येक तुकडा मूळ पट्टीवरूनच मापावा. आधी कापलेला तुकडा ठेवून पुढचा, त्यावरून त्यापुढचा, असे करीत गेल्यास पहिली चूक दुसऱ्यात आणि दुसरी तिसऱ्यात उतरते. मूळ पावती न पाहता मागील पानावरची शिल्लक तशीच पुढे ओढणाऱ्या कारकुनाची वही अशीच बिघडते.

जर्सीला पाते लावण्यापूर्वी

हिरवे कापड बिघडले तर दुकानातून अर्धा वार पुन्हा आणता येते. परंतु अनेक घरांत या रनरला असे एक कापड लागते, जे दुकानात मिळत नाही. मुलगा शाळेच्या संघातून चार वर्षे खेळलेला असतो, पुढच्या शिक्षणासाठी दूर गेलेला असतो आणि त्याची जर्सी कपाटात घडी घालून ठेवलेली असते. ती जर्सी दोन्ही एंड झोनच्या जागी बसवावी, पाठीकडची बाजू एका टोकाला आणि पुढची दुसऱ्या टोकाला, असे आईच्या मनात येते. येथे चुकीला दुसरी संधी नाही.

जर्सीचे कापड विणकामाच्या पद्धतीचे, ताणले जाणारे असते. ते तसेच कापले तर कडा वळतात आणि माप टिकत नाही. म्हणून प्रथम हव्या त्या मापापेक्षा चारही बाजूंनी मोठा तुकडा सैलपणे कापतात. त्याच्या मागे इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर, ज्याला शिंपी फ्युजिंग म्हणतात, मंद उष्णतेवर बसवतात आणि कापड स्थिर झाल्यावरच नेमक्या मापाला हात घालतात. छापलेल्या आकड्यावर इस्त्री थेट ठेवली तर तो वितळतो. मध्ये कापड ठेवावे लागते.

पण खरी अडचण निराळीच असते. एंड झोनचे माप ५.२५ इंच ठरले होते, आणि जर्सीवरचा आकडा ८ इंच उंच निघाला. ठरल्या मापाने कापावे तर आकडा मधोमध चिरला जाणार. अशा वेळी बहुतेकांचा हात कापडाकडे वळतो. वळावयास हवा तो कागदाकडे.

एंड झोन ४.७५ ऐवजी ९.७५ इंचांचा करावा. दोन्ही टोकांचे मिळून १० इंच वाढले. ते आणावयाचे कोठून? हिरवे पट्टे १० आहेत. प्रत्येकाने एकेक इंच सोडला, ४.५ ऐवजी ३.५ इंच घेतले, की १० इंच जमले. पुन्हा बेरीज करावी: हिरवे ३५, रेषा ५.५, एंड झोन १९.५, एकूण ६०. कापावयाचे माप हिरव्यांना ४ इंच, एंड झोनला १०.२५ इंच, तुकडे पूर्वीइतकेच २३, शिवणी २२ आणि माया ११ इंच. टेबल बदलले नाही, लांबी बदलली नाही आणि आकडा अखंड राहिला. मैदानाचे प्रमाण थोडे बिघडले, परंतु टेबलाभोवती बसलेल्यांपैकी ते कोणी मोजणार नाही. आकडा मात्र प्रत्येक जण पाहील.

व्यापारी कुटुंबात ही रीत अपरिचित नाही. एका मुलाच्या शिक्षणासाठी, एखाद्याच्या आजारपणासाठी एकदम मोठी रक्कम लागते, तेव्हा कुणा एकाचा वाटा कापून टाकला जात नाही. घरातील दहा जण आपापल्या खर्चातून थोडे थोडे मागे घेतात. कोणाचे काही अडत नाही आणि जे अखंड राहावयास हवे ते अखंड राहते. मात्र हे वेळेवर, कात्री लागण्यापूर्वी करावे लागते.

उरलेल्याचे काय

आपल्या गोधडीत मापाचा हा सोस नव्हता. जुने लुगडे, विरलेले धोतर, सदऱ्याचा टिकाऊ भाग जसा मिळेल तसा थरावर थर मांडून आजी धावदोरा घालीत असे. तेथे कापड ठरवी आणि हात मानी. अमेरिकन रनरमध्ये हात ठरवतो आणि कापडाला मानावे लागते. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: काहीही फुकट जाऊ द्यावयाचे नाही. वरच्या हिशेबात शिल्लक राहिलेले हिरवे तुकडे बशीखालच्या चौकोनी आसनांना पुरतात. पांढऱ्याच्या कात्रणांतून पुढच्या चाचणीच्या पट्ट्या निघतात. जर्सीच्या बाह्या तर कोणीच टाकून देत नाही.

रनर पूर्ण झाल्यावर वरून दिसतात ते ६० इंच. आत दडलेले ११ इंच पाहुण्यांना कधीच दिसत नाहीत. मराठीत 'माया' या शब्दाच्या अर्थांपैकी तीन असे आहेत: साठवलेले धन, काळजातील जिव्हाळा आणि शिवणीसाठी राखलेले कापड. कोणा जुन्या शिंप्याने हा तिसरा अर्थ रूढ केला असेल, तर त्याला पहिले दोन चांगलेच ठाऊक असले पाहिजेत. तिन्ही गोष्टी आत राखलेल्या असतात आणि ताण पडला म्हणजेच त्या होत्या की नव्हत्या, हे कळते.